उत्तमदादाचा लाल दोरा

नमो बुद्धाय. जय भीम. राम राम.

भंतेजी, कुसुमवहिनी, प्रज्ञा, अमरावतीहून गाड्या करून आलेली शूटिंग क्लबची मंडळी, आपल्या गल्लीतले सगळे लोक. मागं उभे आहेत त्यांनी पुढं या ना, खुर्च्या रिकाम्या आहेत. बरं, राहू द्या. मीही उभाच आहे.

मला भाषण येत नाही. माईक पाहिला की माझी जीभ जड होते. आज मात्र जीभ नाही, पाय त्रास देऊन राहिले. सकाळपासून एका जागी ठरत नाहीत. ही सभा सुरू झाल्यापासून मी उठलो, बाहेर गेलो, पाणी प्यालो, परत आलो, परत उठलो. पहिल्या रांगेतल्यांनी पाहिलंच आहे. कोणाला वाटलं असेल, गजाननला दुःख आवरत नाही. दुःख तर आहेच. पण मी त्यासाठी उठत नव्हतो.

आणि हा माझा उजवा हात खिशात आहे. दादाच्या फोटोसमोर हात खिशात घालून उभं राहणं शोभत नाही, मला समजते. त्याला कारण आहे. सांगतो. आधी मी कोण ते सांगतो, अमरावतीचे बरेच लोक मला ओळखत नाहीत.

मी गजानन, दर्यापूरचा सुतार. उत्तमराव तायडे, म्हणजे आपला उत्तमदादा, त्याचं इथे अकोल्यात बंदूक दुरुस्तीचं लायसनचं दुकान. पुढच्या खोलीत दादा, मागच्या खोलीत मी. रायफलचं लोखंड त्याच्याकडे, लाकडाचा दस्ता माझ्याकडे. एकाच रायफलवर दोघांचे हात चालायचे, म्हणून आमचं भांडण कधी संपलंच नाही. काही अडलं की दादा म्हणायचा, "गजू, तुहं लाकूड दाबून राह्यलं." मी म्हणायचो, "दादा, तुहं लोखंड पाय आधी." मग तो घासायचा, मी तासायचो. पुन्हा जोडायचो. पुन्हा भांडायचो.

सकाळी दुकानात पाय ठेवताना मी म्हणायचो, "जय भीम, दादा." तो म्हणायचा, "राम राम, गजू." त्याचं मी म्हणायचं, माझं त्याने म्हणायचं. कोणी ठरवलं नव्हतं, पडून गेलं तसं. आता सकाळी शटर उघडतो आणि जय भीम म्हणतो. पुढची खोली गप्प.

थांबा. पाणी द्या जरा.

हां. तर माझ्या आधी जे बोलले, सगळ्यांनी एक शब्द वापरला. शांत. दादा शांत होते. दादा समाधानी होते. दादा शांतपणे गेले. मी बाहेर पाण्याच्या टाकीजवळ उभा राहून ऐकत होतो, आणि मला खरं सांगू का, राग आला. कोण शांत? उत्तम तायडे? वहिनी, तुम्ही सांगा, हा माणूस कधी एक जेवण बसल्या जागी पुरं जेवला का? अर्धी भाकर ताटात, आणि हा उठून दुकानात. "काहून उठले?" तर म्हणे, "एक स्क्रू पाहून येतो." वहिनी हसून राहिल्या. पाहा. त्यांना माहीत आहे.

माझ्या पोरीचं लग्न होतं दर्यापूरला. आम्ही दोघं इथून जीपमध्ये बसलो. दादाने इस्त्रीचा शर्ट घातलेला, हातात आहेराची पिशवी. दर्यापूर यायला थोडंच राहिलं होतं, दोन्ही बाजूंनी कपाशी उभी, आणि दादा ड्रायव्हरला म्हणाला, "थांबव बापा." मला वाटलं, उलटी होते का काय. तर हा उतरला आणि रस्त्याच्या त्या बाजूला जाऊन उभा राहिला, अकोल्याकडची गाडी पाहत. मी ओरडलो, "अबे दादा, माह्या पोरीचं लग्न हाये!" तर म्हणतो, "हाव, माहीत हाये. त्या मूर्तिजापूरवाल्याच्या रायफलचा मागचा स्क्रू मी घट्ट केला का नाही, आठवून नाही राह्यलं. ते पोरगं आज न्यायला येईन." आणि गेला. भर लग्नात मी तोंड फुगवून बसलो. संध्याकाळी पंगती उठल्यावर आला. हाताला तेल. मी विचारलं, "काय झालं स्क्रूचं?" म्हणतो, "घट्टच होता." मी म्हटलं, "मग कायले गेला?" तर म्हणतो, "आता जेवण गोड लागन." आणि उरलेली वांग्याची भाजी आणि भात घेऊन मांडवाच्या कोपऱ्यात बसला. त्या दिवशी मात्र पुरं जेवला.

असा होता तो. शांत नव्हता. त्याला शांत म्हणू नका. तो तळमळ्या माणूस होता, आणि त्याच्या तळमळीमुळे तुम्ही आम्ही सगळे इथे धडधाकट बसलो आहोत.

आता जरा कामाचं सांगतो. इथे बायामाणसं आहेत, लेकरं आहेत, सगळ्यांनाच बंदुकीचं समजत नाही. म्हणून सोपं करून सांगतो, कंटाळू नका. मला पुढे जे मागायचं आहे ते यावाचून समजणार नाही.

बोल्टची रायफल म्हणजे काय, तर मागच्या बाजूला कडीसारखा एक दांडा असतो. तो उचलायचा, ओढायचा, गोळी ठेवायची, पुढे ढकलून खाली पाडायचा. तो बोल्ट. बोल्ट बंद झाला की आत एक दात दुसऱ्या दाताला अडकून राहतो. ट्रिगर ओढला की दात सुटतो आणि गोळी जाते. बस. आणि हा ट्रिगर कशाला लटकतो? एक छोटीशी लोखंडाची पट्टी असते, बोटाच्या पेराएवढी. तिला हँगर म्हणतात. त्यात एक पिन, पिनेवर ट्रिगर. तो हँगर केसभर तिरपा बसला, की दात पुरा अडकत नाही. नुसता टेकून राहतो. दिसायला सगळं ठीक. ओढायला तर एकदम मऊ लागते. आणि मग कोणी ट्रिगरला हातही न लावता, नुसता बोल्ट बंद केल्यावर तो दात निसटू शकते.

पोरं यायची क्लबची. "दादा, ट्रिगर मऊ करून द्या ना." दादा म्हणायचा, "मऊ पोळी असते. घरी जाऊन खा." हसू नका, असंच म्हणायचा. पोरं रुसून जायची आणि आठ-पंधरा दिवसांनी परत यायची.

हँगर बसवला की दादाची एक रीत होती. रायफल रिकामी आहे हे तो स्वतः पाहायचा, मग मला दाखवायचा, मग जो कोणी दुकानात असेल त्यालाही पाहायला लावायचा. मग म्हणायचा, "गजू, पंखा बंद कर." मी पंखा बंद करायचो. बोल्ट बंद करायचा आणि दोन्ही हात वर उचलून मागे सरायचा. रायफल वाईसमध्ये, म्हणजे टेबलाच्या लोखंडी पकडीत, एकटी. आणि मग म्हणायचा, "गप. ऐकू दे."

मग आम्ही सगळे गप्प. कोणी मोठा अधिकारी आलेला असो, चहावाला असो. ऐकायचं काय? काहीच नाही. काही ऐकू आलं नाही, तर काम बरोबर. आत टक्क झालं, तर काम चुकलं. पुढे सरकीच्या पोत्यावर दस्ता आपटून पाहायचा, पुन्हा गप. बोल्ट जोरात मारून पाहायचा, पुन्हा गप. कितीक दिवस हेच. आणि हे सगळं चालू असेपर्यंत ट्रिगरला आणि त्याच्या भोवतीच्या कडीला मिळून एक लाल दोरा बांधलेला असायचा, ऐकण्यापुरता तेवढा सोडायचा. वहिनींच्या गोधड्या शिवायचा जाड लाल दोरा. अर्थ एकच. ही रायफल अजून माझी आहे, हिच्यात गोळी घालायची नाही. मन भरलं की दादा तो दोरा दातानं तोडायचा. वहिनी ओरडायच्या, दात जातील म्हणून. तोडला की मालकाच्या हातात रायफल द्यायचा आणि त्या दिवशी सगळ्यांना चहा.

पूर्ण वऱ्हाडात ज्यांच्याकडे लायसन आहे, त्यांना तो दोरा माहीत होता. दोरा असलेली रायफल कोणी मागितली नाही. दोरा कोणी तोडला नाही. यंदापर्यंत अगदी दसऱ्यालासुद्धा नाही.

दसरा म्हणजे आमच्या दुकानाची सगळ्यात धांदलीची वेळ. सगळ्यांना पूजेला शस्त्र घरी पाहिजे. ज्याला वर्षभर बंदुकीची आठवण येत नाही, त्यालाही दसऱ्याच्या आदल्या दिवशी येते. आणि दादाचा तर तो दीक्षाभूमीवर जायचा दिवस. दादाच्या घरी शस्त्रपूजा नाही, पण लोकांच्या पूजेसाठी हा रात्रंदिवस राबायचा, आणि सकाळी पांढरे कपडे घालून वहिनींसोबत नागपूरची गाडी पकडायचा. मी एकदा म्हटलं, "दादा, तुले त्या पूजेचं काय?" म्हणे, "त्याहिचा सण हाये न बापा. अडू कायले देऊ?"

आता येतो मुद्द्यावर. नानासाहेब, माझं तुमच्याकडेच येऊन राहिलं. तुम्ही समोर बसले आहात. मी मागून बोललेलं बरं नाही, समोर बोलतो.

नानासाहेब अमरावतीच्या क्लबचे अध्यक्ष. दादावर यांची माया खरी. दवाखान्यात संत्री घेऊन येऊन बसायचे. परवा खांदा द्यायला पुढे होते, ढसाढसा रडले, सगळ्यांनी पाहिलं. यांच्या वडिलांची जुनी बोल्टची रायफल यांनी उन्हाळ्यात आमच्याकडे आणली. नळी चांगली, बाकी सगळं खिळखिळं. मी तिला शिसमाचा नवा दस्ता केला. जुना हँगर नव्या दस्त्यात सरळ बसेना, म्हणून दादाने हाताने नवा घडवला. फार सुंदर रायफल झाली. तीच ही. इथे टेबलावर, फोटोच्या बाजूला, झेंडूच्या हाराखाली आहे, ती.

दसऱ्याच्या थोडं आधीची गोष्ट. रायफल वाईसमध्ये. लाल दोरा सोडून बाजूला ठेवलेला, तपासणीपुरता. पंखा बंद. दादाने बोल्ट बंद केला, हात वर केले, मागे सरला. "गप. ऐकू दे." मी मागच्या खोलीच्या दारात, हातात रंधा.

टक्क.

दादाने माझ्याकडे पाहिलं. "तू ऐकलं?" मी म्हटलं, "ऐकलं." "तू हात लावला?" "मी तर दारात हाओ." "म्याही नाही लावला." दोघंही त्या रायफलकडे पाहत राहिलो. आपोआप सुटली होती. रिकामी होती म्हणून टक्क. गोळी असती तर काय झालं असतं, ते सांगायची गरज नाही.

मग दिवसभर तेच. बोल्ट बंद, हात वर, गप. काही नाही. पोत्यावर आपट, गप. काही नाही. दुसऱ्या दिवशी, काही नाही. त्याच्या पुढच्या दिवशी, काही नाही. माझ्यासारखा माणूस म्हणाला असता, जाऊ दे, एखाद्या वेळी होते. मी म्हटलंच. "दादा, एकच वेळ तर झालं." दादा माझ्यावर असा भडकला! "एक वेळ झालं न? म्हणजे होते! रोज झालं असतं तर बरं होतं. सापडलं असतं. हे सापडून नाही राह्यलं, गजू."

मग आमचं जुनंच भांडण. तुझं लाकूड दाबते का माझं लोखंड हलते? मी दस्ता काढून आतून तासला. त्याने पिन बदलली. काही कळेना. आणि आजही मला माहीत नाही, त्या दिवशी टक्क झालं ते माझ्या लाकडामुळे का त्याच्या लोखंडामुळे. आता मी विचारू कोणाला? भांडू कोणाशी? म्हणून पाय ठरत नाहीत माझे. समजलं?

दसऱ्याच्या सकाळी दादा पांढऱ्या कपड्यात, शटर अर्धं खाली, वहिनी रिक्षात. नानासाहेबांची गाडी येऊन थांबली. घरी म्हाताऱ्या आई आहेत, त्यांचा हट्ट, नवऱ्याची रायफल पूजेत पाहिजेच. दादा म्हणाला, "बोल्ट काढून देतो." नानासाहेब म्हणाले, "आई अर्धं शस्त्र पूजेत ठेवू देत नाही, दादा." आणि दादाने दिली. त्याने माझ्यादेखत नवा दोरा बांधला, दोन गाठी मारल्या, आणि म्हणाला, "नाना, पूजेपुरती हाये बरं. दोऱ्याले हात लावू नका. उद्या परत." नानासाहेब म्हणाले, "उद्या." दादाने का दिली? कारण त्या दोऱ्यावर त्याचा भरवसा होता. आजवर कोणी तो काढला नव्हता.

आणि कोणी मुद्दाम काढलाही नाही. काय झालं पाहा. पूजा झाली. हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला, भटजींनी सगळ्या शस्त्रांना पूजेचा लाल नाडा बांधला. तलवारीला बांधला, बंदुकीला बांधला, या रायफलच्या ट्रिगरच्या कडीलाही बांधला. संध्याकाळी पूजा उतरवताना घरच्यांनी सगळे नाडे कात्रीनं कापले आणि फुलांसोबत निर्माल्यात टाकले. त्यात दादाचा दोराही गेला. लाल तो, लाल हाही. कोणाचा दोष म्हणायचा? सणाच्या घरी शंभर कामं. कोणी धागे निरखून पाहते का?

पण दुसऱ्या दिवशी नानासाहेबांच्या हातात ती रायफल आली तेव्हा दोरा नव्हता. आणि दोरा नाही म्हटल्यावर, हात शिवशिवले. रेंजवर नेली. संध्याकाळी मला फोन. "गजाननराव, काय ट्रिगर आहे! लोणी आहे लोणी!"

लोणी म्हणजे मऊ, आणि मऊ म्हणजे दात नुसता टेकलेला.

मी म्हटलं, "नानासाहेब, ती परत आणायची हाये." म्हणाले, "आणतो, आणतो." दादा नागपूरवरून आला तो ताप घेऊनच. मग दवाखाना. मग अमरावतीचा दवाखाना. प्रज्ञा नोकरीवरून रजा घेऊन बापाच्या उशाशी. मी जायचो तेव्हा दादा डोळे उघडायचा आणि एकच विचारायचा. "रायफल आली?" मी म्हणायचो, "येऊन राह्यली." खोटं. डॉक्टर म्हणायचे, यांना विचार करू देऊ नका. अहो, कसं देऊ नका? हा दुसऱ्याच्या लग्नाला जाताना एका स्क्रूसाठी जीपमधून उतरणारा माणूस! पलंगावरून उतरता येत नव्हतं एवढंच. शेवटी बोलणं बंद झालं, तरी उजव्या हाताची तर्जनी चादरीवर हलत होती. प्रज्ञाने तो हात धरून ठेवला. दादा शांतपणे गेला म्हणता? मी तिथे होतो. तो वाट पाहत गेला.

नानासाहेब, उठू नका. बसा. माझं संपलं नाही.

काय? हो. हो, ऐकलं मी. नानासाहेब म्हणतात, त्या रायफलनं त्यांनी रेंजवर पुष्कळ गोळ्या झाडल्या, काही झालं नाही. खरं आहे. आमच्या वाईसमध्येही त्यानंतर काही झालं नाही. मी तुम्हाला खोटं पाडून नाही राहिलो, नानासाहेब. मी एवढंच म्हणतो, की एकदा झालं होतं. ते ऐकणारे दोघं होते. त्यातला एक या फोटोत आहे आणि दुसरा इथे उभा आहे. मी आज गप्प बसलो, तर ती टक्क कोणीच ऐकली नव्हती, असं होऊन जाईल.

आज सकाळी तुम्ही ती रायफल मोठ्या मायेनं आणली. म्हणाले, दादाच्या हातची शेवटची रायफल आहे, फोटोजवळ ठेवू. मला बरं वाटलं. मग तुम्ही या माईकवर सांगितलं, येत्या रविवारी अमरावतीला दादाच्या नावानं स्पर्धा, आणि पहिली गोळी याच रायफलची. आणि ती झाडणार तुमची नात, शर्वरी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत, तरी वाजवल्या, एवढं सगळ्यांना भरून आलं. शर्वरीही तिथे बसली आहे, पांढऱ्या ओढणीत. बेटा, तू चांगली नेमबाज आहेस, दादा तुझं नाव घ्यायचा. तू बोल्ट बंद करशील तेव्हा नळी निशाणाकडे असेल, तुला शिकवलंच आहे तसं. पण बाजूला मेडल घेऊन फोटो काढणारे असतील. कोणी हाक मारेल. तू जराशी वळशील. आणि ट्रिगरला बोट न लावता...

नाही. मी नाही बोलू शकत पुढचं.

म्हणून मघाशी तुम्ही हार आणायला वळलात, नानासाहेब, तेव्हा मी रायफल रिकामी पाहिली आणि बोल्ट काढून घेतला. तो माझ्या खिशात आहे. हा पाहा. तेव्हापासून मुठीत धरून ठेवला आहे, गरम झाला. तुमच्या वस्तूला न विचारता हात लावला, हे चुकलं असेल. तुम्ही मोठे माणूस आहात. काय बोलायचं ते बोला मला. पण सभा संपल्यावर ही रायफल अशीच गाडीत जाणार होती आणि मला तुमच्या मागे पळायला जीप मिळाली नसती.

तुमी म्हणता, दादाची शेवटची रायफल. नाही, नानासाहेब. दादाची शेवटची रायफल मूर्तिजापूरला गेली, दसऱ्याच्या आदल्या दिवशी. तिचा दोरा त्याने दातानं तोडला होता, आमी चहा पिला होता. ही दादाची रायफलच नाही अजून. ही अर्धी राह्यली. त्याने तुमाले देल्लीच नाही, पूजेपुरती देल्ली. तिच्या ट्रिगरची तारीफ करता, तर मले माह्या दोस्ताची बदनामी वाटते. त्याचं मन भरलं नव्हतं. आणि ज्याचं मन भरल्याशिवाय आपण कोणी रायफल उचलली नाही, तो गेल्याबरोबर त्याचं मन भरलं असं आपणच ठरवून टाकायचं? त्याच्याच नावाच्या स्पर्धेत?

सकाळी मी वहिनींकडे गेलो. म्हटलं, वहिनी, गोधडीचा दोरा द्या. त्यांनी विचारलं नाही काहून. डब्यातून रीळ काढून माझ्या हातावर ठेवलं आणि म्हणाल्या, "दोन गाठी मारा. ते दोन मारत."

हा तो दोरा.

मी लोखंडवाला नाही. मले हँगर दुरुस्त करता येत नाही. मी एवढंच करू शकतो, की जे दसऱ्याला चुकून कापलं गेलं ते परत बांधतो. ही रायफल तुमच्या वडिलांची आहे, नानासाहेब, घरीच राहू द्या. दरसाल पूजेत ठेवा, आईंच्या मनासारखं होईल. पण हा दोरा मग कधी निघणार नाही. दुसरा कोणी कारीगर मिळाला आणि त्याने नवा हँगर बसवला, तर तो त्याचा दोरा बांधेल, त्याचा तो तोडेल. दादाचा दोरा तोडायचा हक्क एकाच माणसाले होता. त्याचे दात आता कोठून आणायचे?

हार जरा बाजूला करतो. हां. ही कडी. हा ट्रिगर.

पाहा, असा. पहिली गाठ बसली. दुसरी एका माणसाच्यानं घट्ट बसत नाही, वरून कोणीतरी बोट ठेवावं लागते. दुकानात दादा गाठ मारायचा आणि बोट मी ठेवायचो.

नानासाहेब, येता का?

या. सावकाश या, इथे वायर आहे. चष्मा पुसून घ्या आधी. हं. इथे. हे बोट इथे ठेवा, दोऱ्यावर. दाबून. माझ्याकडे नका पाहू, गाठीकडे पाहा. ... बसली.

काय म्हणाले? माईकवर म्हणा ना. बरं, मी सांगतो. नानासाहेब म्हणतात, रविवारी स्पर्धा होईल, पहिली गोळी शर्वरी स्वतःच्या रायफलनं झाडेल, आणि ही तिथे टेबलावर राहील, दोऱ्यासकट. बोल्ट प्रज्ञाजवळ. घे बाई. तुझ्या बापाचं काम आहे, सांभाळ.

आता झालं माझं. आता मी दादाला सांगू शकतो की आली रायफल. उशीर झाला, पण आली.

उभे राहा सगळे. दोन मिनिटं गप्प राहायचं आहे. एक विनंती आहे, तेवढे पंखे बंद करा कोणीतरी. हो, सगळे. उकडेल थोडं, उकडू द्या. मोबाईलही बंद करा. ते मागचं दार लोटून घ्या, रस्त्याचा आवाज येते.

शर्वरी, इकडे आजोबांजवळ ये.

हात मोकळे सोडा. कोणी हलू नका. दोऱ्याकडे पाहा, नाहीतर फोटोकडे पाहा, काही हरकत नाही. दोन मिनिटांत काहीच ऐकू आलं नाही, तर समजायचं की बरोबर आहे.

जय भीम, दादा.

गप. ऐकू दे.